मोकळी जमीन आणि उपनगरातील नागरिक : आरे वसाहतीच्या वादाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

शहराचा इतिहास लिहिताना आपण साधारणपणे बांधलेल्या गोष्टींची नोंद घेतो. वेस, बाजारपेठ, रेल्वे स्थानक, गिरणी, कारखाना यांना इतिहासात स्थान मिळते. जे बांधले गेले नाही, म्हणजे जी जमीन मोकळी राहिली, तिचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. मैदान, कुरण, तलावाकाठची पड, डोंगरउतार यांच्याकडे ‘अद्याप काही न झालेली जागा’ म्हणून पाहण्याची सवय प्रशासनाला आणि कित्येकदा अभ्यासकांनाही जडलेली आहे. वास्तविक पाहता शहरालगतची प्रत्येक मोकळी जमीन कोणाच्या तरी निर्णयामुळे मोकळी राहिलेली असते. तो निर्णय बदलला की ती मोकळी राहत नाही. म्हणून मोकळ्या जमिनीचा इतिहास हा प्रामुख्याने निर्णयांचा इतिहास असतो.

मुंबईच्या गोरेगाव (पूर्व) या उपनगरातील आरे दुग्ध वसाहतीवरून २०१४ ते २०२३ या काळात जो सार्वजनिक वाद झाला, तो महाराष्ट्रातील अशा प्रकारच्या वादांपैकी सर्वांत दीर्घ आणि सर्वाधिक गाजलेला म्हणावा लागेल. वृत्तपत्रांनी तो ‘झाडे की मेट्रो’ अशा शब्दांत मांडला. प्रस्तुत लेखात त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले आहे. या जमिनीचा उपयोग ठरवण्याचा अधिकार कोणाचा होता, तो कोणत्या टप्प्यावर वापरला गेला, आणि नागरिकांचा आवाज त्या टप्प्यावर पोहोचला की त्यानंतर, हे प्रश्न येथे मध्यवर्ती मानले आहेत.

जालन्यासारख्या जिल्ह्यात बसून मुंबईच्या उपनगराचा अभ्यास कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्याच्या मुख्यालयाला २०२३ मध्ये महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांमुळे शहर आधीच वाढत होते. २०१५ मध्ये ड्राय पोर्टची पायाभरणी झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाल्यावर जालना त्या मार्गावर आले. शहरालगतच्या जमिनीवर जो दाब मुंबईच्या उपनगरांनी अनेक दशके अनुभवला, त्याची सुरुवात मराठवाड्यातील मध्यम शहरांत झालेली आहे. त्यामुळे मुंबईचा अनुभव आपल्यासाठी दूरचा राहिलेला नाही.

लेखाची उद्दिष्टे

१. मोकळ्या जमिनीचा उपयोग बदलण्याची कायदेशीर प्रक्रिया समजून घेणे.
२. आरे वसाहतीच्या जमिनीचा १९४९ पासूनचा इतिहास थोडक्यात मांडणे.
३. उपनगरातील रहिवाशांमध्ये या प्रश्नावर जे मतभेद झाले, त्यांचे स्वरूप तपासणे.
४. या अनुभवातून जालना जिल्ह्याच्या संदर्भात काय बोध घेता येतो, याचा विचार करणे.

लेखासाठी ऐतिहासिक आणि वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

कायद्यातील मोकळी जमीन

महाराष्ट्रात शहरांतील जमिनीचा उपयोग ठरवणारा प्रमुख कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. या कायद्यानुसार प्रत्येक नियोजन प्राधिकरणाला विकास आराखडा तयार करावा लागतो. निवासी, वाणिज्यिक, औद्योगिक अशी क्षेत्रे, तसेच शाळा, दवाखाने, उद्याने, मैदाने यांची आरक्षणे त्या आराखड्यात दाखवली जातात. कलम २६ प्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवणे बंधनकारक आहे. मंजूर आराखड्यात किरकोळ बदल करायचा असल्यास कलम ३७ चा मार्ग उपलब्ध आहे. त्यासाठीही हरकती मागवाव्या लागतात.

कागदावर पाहता ही रचना लोकशाहीला धरून आहे. व्यवहारात तिच्यात एक मोठी विसंगती आढळते. आराखड्याचा मसुदा नकाशे, क्रमांक आणि तांत्रिक संज्ञा यांनी भरलेला असतो. तो ठरावीक मुदतीत वाचून त्यावर लेखी हरकत घेणे सामान्य रहिवाशाला अवघड जाते. मुदत संपते, मंजुरी मिळते आणि काही वर्षांनी जमिनीवर कुंपण घातले जाते. रहिवाशाला प्रश्न कळतो तो बहुधा कुंपण दिसल्यावर. तोपर्यंत कायद्याच्या दृष्टीने निर्णय होऊन गेलेला असतो. गेल्या काही दशकांतील मुंबईच्या जमिनींवरील वाद या विसंगतीच्या प्रकाशात पाहिले असता अधिक स्पष्ट होतात.

पूर्वपीठिका : गिरण्यांच्या जमिनी

आरेच्या वादापूर्वी मुंबईत जमिनीवरून झालेला सर्वांत मोठा वाद कापड गिरण्यांच्या जमिनींचा होता. तो उपनगरातील नसला तरी आरेची पूर्वपीठिका म्हणून त्याचा उल्लेख आवश्यक आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्णपणे उभ्या राहिल्या नाहीत. परळ, लालबाग, वरळी या परिसरात गिरण्यांकडे मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनींच्या पुनर्विकासाला परवानगी दिली. त्याबरोबरच एक अटही घातली. ढोबळमानाने जमिनीचा एक तृतीयांश भाग सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला भाग मालकाला, अशी ती वाटणी होती.

२००१ मध्ये या नियमात बदल झाला. वाटणीसाठी गिरणीची संपूर्ण जमीन विचारात न घेता केवळ आधीपासून बांधकाम नसलेली जमीन धरावी, असा त्या बदलाचा आशय होता. गिरणीच्या आवारात बहुतांश जमिनीवर शेड आणि इमारती असल्यामुळे सार्वजनिक वाट्याला येणारे क्षेत्र फार घटले. नियमातील काही शब्दांच्या या फेरबदलाची मोठी सार्वजनिक चर्चा झाली नाही. पुढे मॉल आणि उत्तुंग इमारती उभ्या राहू लागल्यावर शहर जागे झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये पर्यावरणवादी संस्थेच्या बाजूने निर्णय दिला, परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा बदल वैध ठरवला.

या प्रकरणातून दिसणारी गोष्ट अशी की, गिरणगावातील मोकळ्या जागेचे भवितव्य २००१ मध्ये ठरले आणि तिच्यावरील वाद त्यानंतर झाला. हाच क्रम पुढे आरेमध्ये वेगळ्या स्वरूपात दिसून येतो.

आरे : दुधासाठी घेतलेली जमीन

स्वातंत्र्यानंतर मुंबई शहरातील गोठे ही आरोग्याची मोठी समस्या बनली होती. शहरातील म्हशी एका ठिकाणी हलवाव्यात आणि नागरिकांना शुद्ध दूध मिळावे, या हेतूने तत्कालीन मुंबई शासनाने १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत स्थापन केली. या योजनेचे सूत्रधार दारा खुरोडी होते. पुढे १९६३ मध्ये व्हर्गिस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मार्च १९५१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले. वसाहतीचे क्षेत्र सुमारे ३,१६० एकर, म्हणजे जवळपास १,२८० हेक्टर होते. तेथे ३२ गोठे आणि सुमारे १६,००० जनावरांची सोय करण्यात आली होती.

येथे दोन बाबी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली बाब अशी की, ही जमीन हिरवी राहिली ती पर्यावरणाच्या विचारामुळे नव्हे, तर दुधामुळे. जनावरांना चारा हवा म्हणून कुरणे राखली गेली आणि परिसर रम्य असावा म्हणून झाडे लावली गेली. उत्तरेला सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आजचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे वन्यजीवांचा वावरही कायम राहिला. ओशिवरा नदीचा उगम या भागात आहे आणि मिठी नदीचा वरचा प्रवाहही याच परिसरातून जातो.

दुसरी बाब अशी की, ही जमीन घेतली गेली तेव्हा ती निर्मनुष्य नव्हती. वारली आणि अन्य आदिवासी समाजांचे पाडे येथे आधीपासून होते. आजही आरेमध्ये २७ पाडे असल्याचे सांगितले जाते. दुग्ध वसाहतीच्या नकाशात मात्र या लोकांना जमिनीचे हक्कदार म्हणून स्थान मिळाले नाही.

दुधाची व्यवस्था बदलत गेली तसा वसाहतीचा मूळ उद्देश क्षीण झाला. उद्देश क्षीण झाला की जमीन ‘रिकामी’ भासू लागते. १९७७ मध्ये चित्रनगरी उभी राहिली, जिला पुढे दादासाहेब फाळके यांचे नाव देण्यात आले. त्याखेरीज विविध शासकीय आणि निमशासकीय कामांसाठीही वसाहतीच्या जमिनीचे तुकडे दिले गेले. प्रत्येक तुकड्याचे कारण स्वतंत्रपणे पाहिले तर समजण्यासारखे होते. एकूण परिणामाचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास आराखड्यात आरे ना-विकास क्षेत्रात होते. परंतु ना-विकास हा शब्द जमिनीला कायमचे संरक्षण देत नाही. आराखडा बदलला की तो शब्दही बदलतो, हे पुढील घटनांनी दाखवून दिले.

नकाशावर झालेले बदल

फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबई महानगरपालिकेने २०१४ ते २०३४ या कालावधीसाठी विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात आरे वसाहतीचा मोठा भाग विकासासाठी खुला करण्याचा विचार होता. या वेळी मात्र नेहमीपेक्षा वेगळे घडले. नागरिकांच्या संस्था, वास्तुविशारद आणि उपनगरांतील रहिवासी संघ यांनी मसुद्याची पाने मुदतीतच वाचली. त्यांतील चुका दाखवून दिल्या, प्रभागवार सभा घेतल्या आणि हजारो लेखी हरकती दाखल केल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा रद्द करून नव्याने तयार करण्याचा आदेश दिला. सुधारित आराखडा २०१८ मध्ये अमलात आला.

महाराष्ट्राच्या नगररचनेच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची आहे. येथे एकही झाड तोडले जाण्यापूर्वी, कोणतेही कुंपण पडण्यापूर्वी, नागरिकांनी नकाशाच्या पातळीवरच हस्तक्षेप केला. म्हणूनच तो परिणामकारक ठरला.

त्याच सुमारास मेट्रो-३ चा प्रश्न वेगळ्या मार्गाने पुढे जात होता. कुलाबा, वांद्रे आणि सीप्झ यांना जोडणाऱ्या ३३.५ किलोमीटर लांबीच्या या भुयारी मार्गाच्या गाड्यांसाठी आगार आवश्यक होते. त्यासाठी आरेमधील सुमारे ३३ हेक्टर जागा निवडण्यात आली. आगाराबरोबर या जागेच्या वाणिज्यिक वापराची कल्पनाही आरंभीच्या प्रस्तावात होती. आगाराच्या आडून जमीन बांधकामासाठी खुली होईल, ही रहिवाशांची शंका तेथूनच बळावली. २०१४ च्या अखेरीस झाडांवर नोटिसा लागल्या आणि आंदोलनाला प्रारंभ झाला. २०१५ मध्ये शासनाने नेमलेल्या तांत्रिक समितीतही पर्यायी जागेविषयी मतभेद झाले. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले, तेव्हा आगाराची जागा त्याबाहेर ठेवण्यात आली. २०१७ मध्ये ती जागा ना-विकास क्षेत्रातून वगळण्यात आली आणि २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला.

वरील तारखांचा क्रम काळजीपूर्वक पाहिला असता असे दिसते की, २०१९ मध्ये जेव्हा संपूर्ण देशाचे लक्ष आरेकडे वेधले गेले, तेव्हा जमिनीच्या उपयोगाचा मूळ निर्णय दोन वर्षांपूर्वीच झाला होता. उरला होता तो केवळ झाडे तोडण्याच्या परवानगीचा प्रश्न.

रहिवाशांमधील मतभेद

आरेच्या प्रश्नावर सर्व उपनगरवासी एका बाजूला आणि शासन दुसऱ्या बाजूला असे चित्र अनेकदा रंगवले जाते. ते पूर्णतः खरे नाही. रहिवाशांमध्येच किमान तीन भूमिका स्पष्टपणे दिसून येतात.

पहिली भूमिका आरेचे रक्षण करू पाहणाऱ्या मध्यमवर्गीय रहिवाशांची होती. गोरेगाव, अंधेरी, पवई या भागांतील कित्येक कुटुंबांसाठी आरे ही सकाळी फिरण्याची, मुलांना झाड-पक्षी दाखवण्याची एकमेव जागा होती. मुंबईत दरडोई मोकळी जागा दीड चौरस मीटरच्याही आत असल्याचे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नागरी नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत मात्र हे प्रमाण १० ते १२ चौरस मीटर सुचवले आहे. या पार्श्वभूमीवर त्यांची चिंता अनाठायी नव्हती. आगार ही सुरुवात असून त्यामागून बांधकामे येतील, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. मिठी नदीच्या पूरक्षेत्राचा प्रश्नही त्यांनी उपस्थित केला. २६ जुलै २००५ च्या महापुराची आठवण त्या युक्तिवादामागे होती.

दुसरी भूमिका रोज प्रवास करणाऱ्यांची होती. उपनगरी लोकलच्या गर्दीत आणि रूळ ओलांडताना गेल्या दशकात दरवर्षी तीन हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडत होती. विमानतळ, सीप्झ, वांद्रे-कुर्ला संकुल येथे रेल्वेची थेट सोय नसल्यामुळे लाखो लोकांचे तास रस्त्यावर जात होते. त्यांच्या दृष्टीने मेट्रोला होणारा प्रत्येक वर्षाचा विलंब म्हणजे प्रत्यक्ष हानी होती. मेट्रो प्रशासनानेही हाच मुद्दा पुढे केला आणि मेट्रोमुळे वाहने कमी होऊन प्रदूषण घटेल, असे प्रतिपादन केले. या भूमिकेला केवळ ‘विकासवादी’ म्हणून निकालात काढणे इतिहासकाराला योग्य ठरणार नाही. झाडे वाचवू पाहणाऱ्या कित्येकांनीही मेट्रोला विरोध केला नव्हता. आगाराची जागा बदलावी, एवढीच त्यांची मागणी होती.

तिसरी भूमिका पाड्यांवरील आदिवासींची होती. आगाराच्या जागेवरील प्रजापूर पाड्यातील कुटुंबांना तेथून हलावे लागले. पाड्यांतील अन्य कुटुंबांपुढे प्रश्न होता तो घर, शेतीचा तुकडा, भाजीपाल्यावरील उपजीविका आणि जमिनीवरील हक्काची नोंद यांचा. आंदोलनात ते सहभागी झाले, अनेकदा अग्रभागी राहिले. परंतु सार्वजनिक चर्चेची भाषा बहुतांशी ‘शहराची फुफ्फुसे’ आणि ‘प्राणवायू’ अशी होती. तिच्यात झाडांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे त्या झाडांखाली पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना मिळाले नाही. १९४९ च्या नकाशाने ज्यांना वगळले होते, त्यांना २०१९ च्या वादानेही पुरेसे सामावून घेतले नाही, असे खेदाने नमूद करावे लागते.

ऑक्टोबर २०१९ आणि त्यानंतर

२९ ऑगस्ट २०१९ रोजी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांसंबंधीचा प्रस्ताव मंजूर केला. त्यांपैकी २,१८५ झाडे तोडायची आणि ४६१ पुनर्रोपित करायची होती. ४ ऑक्टोबर रोजी उच्च न्यायालयाने याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. जमावबंदी लागू झाली, आंदोलकांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर रोजी वृक्षतोडीला स्थगिती दिली. तोपर्यंत २,१४१ झाडे तोडून झाली होती.

पुढील घटनाक्रम सत्तांतराशी जोडलेला आहे. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी आगाराच्या कामाला स्थगिती दिली. २०२० मध्ये आगार कांजूरमार्गला नेण्याचा आणि आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय जाहीर झाला. कांजूरमार्गच्या जागेच्या मालकीवरून केंद्र आणि राज्य यांच्यात वाद होऊन डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तेथील कामाला स्थगिती दिली. २०२२ मध्ये पुन्हा सत्तांतर झाले आणि आगार आरेमध्येच करण्याचे ठरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी ८४ झाडांसाठी अर्ज करण्यास परवानगी दिली. एप्रिल २०२३ मध्ये, ८४ पेक्षा अधिक झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल, त्याच न्यायालयाने मेट्रो महामंडळाला १० लाख रुपयांचा दंडही केला. मार्गाचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, तर शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला.

या घटनाक्रमाचा ताळेबंद मांडता एकाच बाजूचा विजय झाला, असे म्हणता येत नाही. आगार झाले, झाडे गेली. त्याच वेळी सुमारे ८०० एकरांना वनाचा दर्जा देण्याची प्रक्रिया आंदोलनाच्या दबावामुळेच सुरू झाली. मेट्रोचा प्रवासी आणि आरेचा रक्षक हे कित्येकदा एकाच घरात राहत होते, ही गोष्टही विसरता येत नाही.

एक तुलना : लंडनचे एपिंग अरण्य

उपनगरांच्या वाढीतून निर्माण झालेला हा संघर्ष जगात नवा नाही. एकोणिसाव्या शतकात लंडन वेगाने पसरत असताना शहरालगतच्या सामाईक जमिनींना जमीनदार कुंपणे घालू लागले. त्याला विरोध करण्यासाठी १८६५ मध्ये सामाईक जमिनींच्या रक्षणाची संस्था स्थापन झाली. एपिंग अरण्याच्या प्रकरणात निर्णायक ठरला तो ग्रामस्थांचा गुरे चारण्याचा जुना हक्क. त्या हक्काच्या आधारे लंडन शहराच्या महापालिकेने न्यायालयात दावा लावला, १८७४ मध्ये कुंपणे बेकायदेशीर ठरली आणि १८७८ च्या कायद्याने ते अरण्य लोकांसाठी कायमचे राखले गेले.

ही तुलना उद्बोधक आहे. एपिंगमध्ये लोकांच्या बाजूने उभा होता तो जमिनीवरील मान्य हक्क. निसर्गप्रेमाला त्या हक्काचा कायदेशीर आधार मिळाला. आरेमध्ये असा हक्क सांगू शकणारे लोक होते ते पाड्यांवरील आदिवासी. परंतु त्यांचा हक्कच नोंदवला गेला नव्हता. परिणामी मध्यमवर्गीय रहिवाशांना केवळ पर्यावरणाच्या कायद्यांवर विसंबून लढावे लागले. ज्या जमिनीवर कोणाचाही हक्क नोंदलेला नाही, ती जमीन वाचवणे सर्वांत कठीण असते, असा निष्कर्ष यातून निघतो.

जालना जिल्ह्याच्या संदर्भात

आरेमधील कुरणासारखी जमीन मराठवाड्यात गायरान या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गुरचरणासारख्या सार्वजनिक प्रयोजनांसाठी जमीन नेमून देता येते. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबमधील एका प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याविषयी देशभरातील राज्यांना निर्देश दिले. परंतु मराठवाड्यातील गायराने ही केवळ गुरांची जागा नाही. कित्येक भूमिहीन दलित कुटुंबे त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या कसत आली आहेत. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण शासनाने स्वीकारले होते. म्हणजेच येथेही ‘मोकळी’ म्हटली जाणारी जमीन निर्मनुष्य नाही.

शहराची हद्द वाढते तेव्हा लगतच्या गावांची गायराने, तलावांचे पाणलोट आणि नदीकाठच्या पडीक जमिनी शहराच्या आराखड्यात येतात. जालना शहराला याचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. मोती तलाव ही या शहराची ओळख आहे. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडी तलावाने पिढ्यान्‌पिढ्या शहराची तहान भागवली. २०१२-१३ च्या दुष्काळाच्या काळात त्या तलावातील गाळ काढण्यासाठी नागरिक आणि उद्योजक एकत्र आले होते. तलावाभोवतीची मोकळी जमीन म्हणजे पाणी, हे त्या वर्षांनी जालनेकरांना शिकवले. मुंबईत मोकळी जागा हा श्वासाचा प्रश्न मानला जातो, तर मराठवाड्यात तो त्याआधी पाण्याचा प्रश्न आहे.

म्हणून नव्या महानगरपालिकेच्या विकास आराखड्याचा मसुदा जेव्हा नागरिकांपुढे येईल, तेव्हा तो वाचणे हे सर्वांत महत्त्वाचे नागरी कर्तव्य ठरेल. कोणत्या सर्व्हे क्रमांकावर कोणता रंग आहे, तलावाच्या वरच्या अंगाला कोणते क्षेत्र दाखवले आहे, गायरानावर राहणाऱ्यांची नोंद आहे की नाही, हे प्रश्न त्याच मुदतीत विचारले गेले पाहिजेत. महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल आणि लोकप्रशासन या विभागांना यात मोठी भूमिका बजावता येईल. जुने महसुली नकाशे आणि नवा आराखडा यांची तुलना हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प होऊ शकतो, आणि हरकत नोंदवू इच्छिणाऱ्या रहिवाशालाही त्याचा उपयोग होईल.

निष्कर्ष

१. मोकळ्या जमिनीवरील सार्वजनिक वाद बहुधा निर्णय झाल्यानंतर उद्भवतो. गिरण्यांच्या बाबतीत निर्णय २००१ मध्ये आणि आरे आगाराच्या बाबतीत २०१७ मध्ये झाला. वाद शिगेला पोहोचला तो त्यानंतर.

२. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा रद्द झाला, कारण नागरिकांनी कायद्याने दिलेल्या मुदतीतच हस्तक्षेप केला. नकाशाच्या टप्प्यावरील लेखी हरकत ही नंतरच्या आंदोलनापेक्षा अधिक परिणामकारक ठरू शकते.

३. जमिनीचा मूळ उद्देश संपला की ती रिकामी समजली जाते आणि तुकड्यातुकड्यांनी अन्य कामांना दिली जाते. प्रत्येक तुकड्याचे समर्थन शक्य असले तरी एकत्रित हानीचा हिशेब कोणी ठेवत नाही.

४. उपनगरातील रहिवासी हा एकसंध समूह नाही. प्रवासाची गरज, हिरवाईची गरज आणि जमिनीवरील हक्क या तिन्हींना स्थान देणारी चर्चाच न्याय्य ठरू शकते.

५. मोकळ्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांचे हक्क नोंदवणे हा त्या जमिनीच्या रक्षणाचाही मार्ग आहे.

आरेमधील २,१४१ झाडे तीन दिवसांत तोडली गेली. ती ज्या जमिनीवर उभी होती, तिचे भवितव्य मात्र त्याआधीच कार्यालयांतील नकाशांवर ठरले होते. त्या नकाशांपुढे नागरिक वेळेत पोहोचला तर काय होऊ शकते, हे २०१५ ने दाखवले. तो उशिरा पोहोचला तर काय होते, हे २०१९ ने दाखवले. या दोन वर्षांमधील अंतर जालन्यासारख्या वाढत्या शहराने समजून घेतले, तर मुंबईने मोजलेली किंमत त्याला पुन्हा मोजावी लागणार नाही.